पहिल्या बास्केटपर्यंत

व्हर्जिल स्टॅमबॉबद्दल आता सगळे चांगलंच बोलतात. माणूस म्हातारा झाला, त्याची बायको गेली, गुडघे गेले, की मिलवॉकीत त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. मी त्याच्या पाठीमागच्या ओळीत एकोणतीस हिवाळे काढलेत. एकोणतीस वर्षं कुणाची मान बघितली की त्याच्याबद्दल नुसतं चांगलं बोलणं जमत नाही. आणि वाईट बोलायला जावं तर त्यात माझंही नाव येतं, म्हणून जरा जपून सांगते.

आमच्या जागा बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर. शेवटून तिसऱ्या ओळीत बर्नी, तिच्या शेजारी व्हर्जिल, त्याच्या पलीकडे सेड्रिक पूल. बर्नीच्या मागे मी. माझ्या मागे एकच ओळ, आणि मग भिंत. तिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात, तरी कुणाचं मनगट कुठे चुकलं ते खालच्या पंचाच्या आधी आम्हाला कळतं, असा आमचा समज आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट उंचच हवा.

बर्नी म्हणजे बर्नडीन, व्हर्जिलची बायको आणि माझी मैत्रीण. कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही दोघी एकाच काउंटरवर होतो. ती भाजी वाढायची, मी सूप. सेड्रिक शहराची बस चालवतो. आमच्याहून वीस वर्षांनी लहान, तोंडाला कुलूप नाही, पण मला अजून ‘मिस डोडी’ म्हणतो आणि व्हर्जिलला ‘कोच’.

कोच म्हणायचं कारण व्हर्जिल इंडियानातल्या अँडरसनचा. त्या भागात मूल चालायला लागायच्या आधी त्याच्या हातात बॉल देतात आणि शाळेच्या हॉलमध्ये अर्धं गाव मावतं. व्हर्जिल शाळेच्या टीममध्ये होता, म्हणजे बाकावर होता. दोन वर्षांत एकूण अकरा मिनिटं खेळलो, हे तो स्वतःच सांगायचा. पण बाकावर बसून त्यानं खेळ असा पाहिला होता, की कोण पास देणार आणि कोण लपवणार ते तो आधीच बोलून दाखवायचा. म्हणून आमच्या विभागात, म्हणजे वरच्या त्या दोनशे खुर्च्यांत, त्याचा शब्द चालायचा. तो ‘बरा आहे’ म्हणाला की खेळाडू बरा. तो नुसता हुंकारला की त्या खेळाडूचं संपलं.

अठ्ठ्याऐंशी साली अँडरसनचा त्यांचा कारखाना बंद झाला आणि कंपनीनं तिथले काही लोक इकडे आमच्या कारखान्यात पाठवले. जिथे जाल तिथे तुमची नोकरीची जुनी वर्षं धरायची, असा नियम होता. व्हर्जिल सतरा वर्षं घेऊन आला. त्यामुळे आमच्या स्टॅन गोर्स्कीला, ज्याची तेरा झाली होती, दिवसपाळी सोडून रात्रपाळीला जावं लागलं. स्टॅनच्या घरी तीन लहान मुलं होती. यात व्हर्जिलचा काही दोष नव्हता, नियमाचा होता. पण नियमाला शिव्या देऊन कुणाचं समाधान होत नाही, शिव्या द्यायला समोर माणूस लागतो.

त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणायला लागले. “पाहुणा आला का रे कामावर?” “पाहुण्याला विचारा, मुक्काम किती दिवस.” जेवायच्या सुट्टीत तो ज्या टेबलावर ताट ठेवायचा, त्या टेबलावरचे सगळे आपापली ताटं उचलून दुसरीकडे जायचे. कुणी त्याला हात लावला नाही की वाकडा शब्द बोललं नाही, फक्त उठून जायचे. रोज सहाजणांच्या टेबलावर तो एकटा मान खाली घालून जेवायचा. मी काउंटरमागून बघायची आणि सूप वाढायची. माझा भाऊ स्टॅनबरोबर काम करायचा, आणि मला भावाशी भांडण नको होतं.

कँटीनच्या बायकांनी कामगारांच्या टेबलावर बसायचं नाही, असा नियम होता. एक दिवस बर्नीनं एप्रन काढला, आपलं ताट घेतलं आणि मला म्हणाली, “डोडी, येतेस?”

“कुठे?”

“त्याच्याजवळ. बसायला मनाई आहे, उभं राहायला नाही.”

“मला भांडी आहेत,” मी म्हणाले.

ती गेली. त्याच्या टेबलाशेजारी उभी राहिली आणि ताट हातात धरून उभ्याउभ्याच जेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. लोक हसले, मग तिला बोलले, मग बोलायचे थांबले. अकरा आठवडे ती अशी जेवली. बाराव्या आठवड्यात वेल्डिंगमधला एकजण उठून आला आणि म्हणाला, “बाई, तुझे पाय सुजलेत. मी बसतो इथं, तू जा.” त्या दिवसापासून व्हर्जिलला माणसं मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं बर्नीशी लग्न केलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यांना बास्केटबॉल झाला.

स्टेडियममध्ये उभं राहायची पद्धत बर्नीनंच पाडली. टीमनं आपला एखादा खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन त्याच्या बदल्यात नवा गडी घेतला, की तो घरच्या कोर्टवर पहिल्यांदा उतरताना आमच्या विभागानं उठायचं आणि त्याची पहिली बास्केट होईपर्यंत बसायचं नाही. सामन्यात झाली नाही तर पुढच्या सामन्यात पुन्हा उभं राहायचं. “नवा माणूस टेबलाशी आलाय,” ती म्हणायची, “कुणीतरी शेजारी उभं राहायला नको?” एकदा एका सात फुटी ढिम्म गड्यानं आम्हाला तीन सामने उभं ठेवलं. सेड्रिकनं उभ्यानं सॉसेज खाताना पुढच्या बाईच्या टोपीवर मोहरीची चटणी सांडली. शेवटी त्या गड्यानं बास्केट केली तेव्हा दोनशे माणसं एकदम ‘हुश्श’ करून बसली, आणि तो खालून वर बघून हसला. तो पुढे काही फार चांगला खेळला नाही. पण आम्हाला तो शेवटपर्यंत आपलाच वाटला.

बर्नीचा सगळ्यात लाडका होता लॅमॉन्ट हार्गिस, म्हणजे मॉन्टी. नऊ वर्षं आमच्याकडे होता. ख्रिसमसला बर्नी खसखशीचा रोल करून टीमच्या ऑफिसात त्याच्या नावानं देऊन यायची. तो रोल मॉन्टीपर्यंत पोचत नाही, रखवालदार खातात, असं मी तिला दरवर्षी सांगायची. सहाव्या वर्षी त्याची चिठ्ठी आली, स्वतःच्या हातानं लिहिलेली: ‘बाई, माझी आजी पण असलंच काहीतरी करायची.’ ती चिठ्ठी फ्रिजवर लागली आणि मला पुढं तीन वर्षं टोमणे ऐकावे लागले.

चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात बर्नी गेली. पोटाचा आजार होता, लवकर आटपलं. शेवटच्या आठवड्यात तिनं व्हर्जिलला माझ्यासमोर सांगितलं, “माझ्या खुर्चीचं काय करायचं ते कर. विकलीस तरी चालेल. पण उभं राहायचं सोडू नका. तू बसलास तर सगळे बसतील.” व्हर्जिल “हो” म्हणाला. त्यानं खुर्ची विकली नाही. बर्नीची निळी उशी त्या खुर्चीवर ठेवून तो प्रत्येक सामन्याला यायचा.

आणि फेब्रुवारीत टीमनं मॉन्टीला देऊन टाकलं.

बातमी कळली तेव्हा दुपार होती, बाहेर बर्फ पडत होता. मी फोन केला.

“ऐकलंस?”

“ऐकलं,” व्हर्जिल म्हणाला.

“बदल्यात कोण येतंय?”

“वेदरबी म्हणून कुणी आहे. एलिस वेदरबी. मिसिसिपीकडचा.”

“चांगला आहे?”

“मला काय विचारतेस? मी मागितला होता का त्याला?” आणि फोन ठेवला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पाच महिन्यांत त्याच्या घरातलं एक माणूस गेलं होतं, आणि आता तिच्या फ्रिजवरचं माणूसही गेलं. राग कुणावर काढणार? डॉक्टरवर काढता आला नाही, टीमच्या मालकावर काढून उपयोग नव्हता. पुन्हा एकदा समोर माणूस हवा होता, आणि तो मिसिसिपीहून विमानानं येतच होता.

वेदरबीचा घरचा पहिला सामना शनिवारी होता. दुसऱ्या डावात टीमच्या कोचनं त्याला बाकावरून उठवलं. निवेदकानं नाव घेतलं. आमच्या विभागातली माणसं अर्धवट उठली आणि सगळ्यांनी आधी व्हर्जिलकडे बघितलं. तो बसला होता. एक हात शेजारच्या उशीवर.

“कोच?” सेड्रिक अर्धा वाकलेला होता. “उठायचंय ना?”

“बसा,” व्हर्जिल म्हणाला. मोठ्यानं नाही, पण चारपाच ओळींना ऐकू गेलं. “हा काही आपला नव्हे. पाहुणा आहे.”

आणि सगळे बसले. दोनशे माणसं. मीही बसले. ‘पाहुणा’ हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. पण काटा आला तरी मी बसलेच.

मग सुरू झालं परीक्षण. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, आम्ही तर पातेल्याचं झाकण बघूनच सांगतो. वेदरबी कोर्टच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधत होता.

“हा खेळायला आलाय की बूट दुरुस्तीला?” मागच्या ओळीतलं कुणीतरी म्हणालं.

“खांदे बघा कसे पाडलेत,” दुसरा म्हणाला, “शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखे.”

त्याच्याकडे पास आला. त्यानं क्षणभर बॉल नुसताच धरला.

“बॉल असा धरलाय, जणू दुसऱ्याचं मूल कुणी हातात दिलंय,” सेड्रिक म्हणाला. “कोच, माझी साठ फुटी बस ह्याच्यापेक्षा लवकर वळते. तीही बर्फात.”

विभाग हसला. व्हर्जिल हसला नाही, नुसता हुंकारला. झालं.

तिसऱ्या डावात वेदरबीनं डाव्या कोपऱ्यातून पहिली बास्केट केली. स्वच्छ होती, कडीला न लागता गेलेली. वर आमच्याकडे कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. शेवटच्या ओळीतल्या एकानं “पाहुण्याला चहा द्या” म्हणून आरोळी ठोकली आणि पुन्हा हशा झाला. खाली वेदरबी मागं पळत गेला आणि पुन्हा वाकून नाडी बांधायला लागला. नंतर माझ्या लक्षात आलं की नाडी सुटलेली नसायची. कुणाकडे बघायचं ते माहीत नसलं की माणूस बुटाकडे बघतो. व्हर्जिल ताटाकडे बघायचा.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. त्याला नऊ मिनिटंही मिळाली नाहीत. आठवड्याभरात ‘पाहुणा’ हा शब्द वरच्या मजल्यावर सगळीकडे गेला, पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावर. मार्चमध्ये तो फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की आपलेच लोक, घरचेच लोक, तालात म्हणायला लागले, “पाहुणा, घरी जा.” तो पास चांगले द्यायचा. इतके झटपट, की घेणाऱ्यालाच कळायचं नाही आणि बॉल बाहेर जायचा. मॉन्टीच्या हातून असा बॉल गेला असता तर आम्ही घेणाऱ्याला झोपाळू म्हटलं असतं. इथे आम्ही म्हणायचो, “बघा, पाससुद्धा देता येत नाही.” आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. व्हर्जिलला तर हे सगळ्यात आधी दिसत असणार. बाकावर बसून खेळ शिकलेला माणूस तो. त्याला दिसत होतं आणि तो गप्प होता.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांतल्या, एका शुक्रवारी आम्ही नेहमीच्या टॅव्हर्नमध्ये तळलेला मासा खायला गेलो होतो, तो आणि मी. राई ब्रेड, कोबीची कोशिंबीर, बटाट्याचे पॅनकेक. बर्नी असताना आम्ही तिघं असायचो. मी फार वेळ गप्प बसू शकत नाही, म्हणून बोलले.

“बर्नी असती तर उभी राहिली असती.”

“बर्नी नाहीये.”

“तू तिला ‘हो’ म्हणाला होतास. माझ्यासमोर.”

त्यानं काटा खाली ठेवला. “तिनं मॉन्टीला देऊन टाकायला सांगितलं होतं का? एक गोष्ट राहिली होती, डोडी. सामना असला की मला वाटायचं, आता ती म्हणेल, मॉन्टीला पाणी द्या रे कुणीतरी, दमलाय. तेवढं एक राहिलं होतं. ते ह्या पाहुण्याच्या बदल्यात दिलं त्यांनी.”

“त्यानं मागितलं होतं का? तू मागितली होतीस का स्टॅनची दिवसपाळी?”

तो म्हणाला, “तू सूप वाढत होतीस, डोडी. तू ह्यातलं बोलू नकोस.”

मी उठून आले. त्यानंतर आम्ही तीन महिने एकमेकांशी बोललो नाही. सामन्याला मी त्याच्या मागे बसायची, तो पुढे. मधे बर्नीची उशी.

जुलैत टीमनं वेदरबीला देऊन टाकलं. तेही धड कुणाच्या बदल्यात नाही. दुसऱ्याच दोघांची अदलाबदल चालली होती, त्यात वजन जुळवायला म्हणून त्याला घातलं. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. निघताना कुणीतरी त्याला विचारलं होतं, मिलवॉकी कसं वाटलं? तो म्हणाला होता, “लोकांचं वाईट म्हणणार नाही मी. माझं घर लागलंच नाही, हॉटेलातच राहिलो. बहुतेक वेळा एकटाच जेवलो.”

त्या दुपारी व्हर्जिल माझ्या दारात आला. काठी घेऊन, कारण तोवर त्याचे दोन्ही गुडघे गेले होते आणि तो ऑपरेशन पुढे ढकलत होता. घडी केलेला पेपर काखेत होता.

“वाचलंस?”

“वाचलं.”

तो पायरीवर बसला. बसायला त्याला बराच वेळ लागला. समोरच्या घरी गवत कापत होते.

“माझे सात महिने होते,” तो म्हणाला. “बर्नी यायच्या आधीचे. एकटं जेवायचे. तोंडात घास फिरायचा, गिळला जायचा नाही. आणि मला वाटायचं, ह्यांच्यातल्या एकाला तरी कळत असेलच की मी काय केलंय. काहीच केलं नव्हतं मी.” त्यानं पेपर उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. “ह्या पोराचे पाच महिने. आणि त्याला तो शब्द मी दिला. दुसऱ्या कुणाला सुचला नसता, डोडी. तो मला माहीत होता.”

“मग लिही त्याला. मॉन्टीनं लिहिलं होतं तसं.”

“काय लिहू? की मला बायकोची आठवण येत होती, म्हणून तुला घालवलं?” तो काठीवर भार टाकून उठला. “जानेवारीत त्याची नवी टीम इथे खेळायला येते. मी उभा राहीन. राहिलंय ते.”

“त्याची इथली पहिली बास्केट होऊन गेली, व्हर्जिल.”

“तेव्हा कोण उभं होतं?”

जानेवारीचा तो सामना रविवारी दुपारी एकचा होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत सगळे कोट मांडीवर घेऊन बसलेले. व्हर्जिल आधीच येऊन बसला होता, शेजारी निळी उशी. दोन्ही टीम कोर्टवर आल्या. वेदरबी पाहुण्यांच्या बाकाच्या अगदी टोकाला, अंगात गरम कपडे, गळ्यात टॉवेल. आणि व्हर्जिल काठी टेकून, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठला.

“कोच, तो सुरुवातीला खेळत नाही हल्ली,” सेड्रिक हळूच म्हणाला. “तो आला की उठा तुम्ही. मी सांगतो तुम्हाला.”

“बास्केट होईपर्यंत,” व्हर्जिल म्हणाला. “तसंच आहे ते.”

पहिला डाव तो उभा राहिला. वेदरबी बाकावर. मागच्यांना आधी गंमत वाटली. “म्हातारबा, राष्ट्रगीत संपलं.” दुसऱ्या डावात गंमत संपली. “ओ, बसा की. आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय का?” जागा दाखवणारा एक माणूस वर आला, व्हर्जिलशी दोन शब्द बोलला, त्याच्या काठीकडे बघितलं आणि खांदे उडवून परत गेला. मध्यंतरात व्हर्जिलला बसावंसं वाटलं असेल, पण तो बसला नाही. सेड्रिकनं त्याला पाणी आणून दिलं. ते त्यानं उभ्यानंच प्यायलं, समोरच्या त्या बाकावरची नजर न हलवता. त्या दोन तासांत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

तिसऱ्या डावात कुणीतरी ओळखलं. “अरे, हा त्या वेदरबीसाठी उभा आहे.” “कोण वेदरबी?” “तो नाही का, पाहुणा.” मग शेवटच्या ओळीत तोच जुना ताल सुरू झाला: पाहुणा, घरी जा. ह्या वेळी खालच्या वेदरबीला तो ऐकू जाण्यासारखा नव्हता. तो व्हर्जिलसाठी होता. पॉपकॉर्नचा एक दाणा त्याच्या टकलावर पडला, मग मूठभर. त्यानं झटकले नाहीत. त्याचे पाय थरथरत होते, पँटच्या कापडातून मला दिसत होतं. सेड्रिक मधेच उठून उभा राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही, सेड्रिक सव्वासहा फूट आहे. हळूहळू पुढच्या ओळीतली एक बाई उठली, जिच्या टोपीवर कधीकाळी मोहरी सांडली होती ती. बस. दोनशेतले तीन.

माझ्या मागे ओरडत होती ती सगळी ओळखीची माणसं. वीस-वीस वर्षांची. मी उठले असते तर त्यांना माझी पाठ दिसली असती, आणि पुढचा दाणा माझ्या केसांत पडला असता. माझे गुडघे चांगले आहेत. मी कोट मांडीवर धरून बसून राहिले. काही भांडी तर नव्हती माझ्याकडे ह्या वेळी.

चौथ्या डावात आम्ही बावीस गुणांनी पुढे होतो. सामना संपल्यात जमा होता. अशा वेळी पाहुण्यांचा कोच बाकावरच्या सगळ्यांना खेळवतो. एकेकाला उठवलं. वेदरबीच्या शेजारचा उठला. वेदरबीनं टॉवेल काढला, गुडघ्यावर ठेवला, वाकून नाडी बांधली. व्हर्जिलचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांच्या कोचनं वेदरबीकडे बघितलंसुद्धा नाही.

भोंगा वाजला. वेदरबीनं टॉवेल पुन्हा गळ्यात टाकला, दोघातिघांशी हात मिळवले आणि बोगद्यातून आत गेला. वर बघितलं नाही. वर बघण्यासारखं त्याला इथे कधी काही मिळालंच नव्हतं.

लोक निघून गेले. पुढची ती बाई व्हर्जिलचा दंड थोपटून गेली. सफाईवाले खालच्या ओळींतून पिशव्या घेऊन वर यायला लागले, तरी तो खुर्चीची पाठ धरून तसाच उभा होता.

“कोच, संपलं,” सेड्रिक म्हणाला. “बसा आता जरा.”

“झाली नाही बास्केट.”

“नाही झाली. चला.”

त्यानं बसायचा प्रयत्न केला आणि त्याला बसता येईना. गुडघे अडकले होते. सेड्रिकनं एका बाजूनं धरलं, मी पुढच्या ओळीत जाऊन दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही त्याला थोडंथोडं करून बर्नीच्या खुर्चीवर टेकवलं. तो घामानं भिजला होता. टकलावर अजून पॉपकॉर्न होता, तो मी काढला.

“किती होते गं?” त्यानं विचारलं. “उभे. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर बसलो असतो.”

“होते काही,” सेड्रिक म्हणाला.

व्हर्जिलनं माझा हात धरला. त्याचा हात बर्फासारखा गार होता.

“तू होतीस ना, डोडी?”

“होते,” मी म्हणाले.

सेड्रिकनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली वाकून, पायाशी पडलेली निळी उशी उचलून झटकली.